चार नंबरचा दिवा

"बाई, ताबडतोब या. काल तिसऱ्या अंकात जिन्यावरचा दिवा गेला, आणि आमच्या मुख्य नटी सातव्या पायरीवरून कोसळल्या."

फोनवर नाट्यगृहाचे व्यवस्थापक होते. विद्युत निरीक्षकबाई हातातला चहा तसाच ठेवून निघाल्या. नटीचा जीव वाचला होता, पण कमरेखाली काही कळत नव्हतं. डॉक्टरांनी मान हलवली होती.

रंगमंचावर बारा पायऱ्यांचा लाकडी जिना होता आणि त्याच्या वर एकच एलईडी दिवा. विंगेतल्या खुर्चीवर नटीचा नवरा बसला होता. प्रकाशयोजना त्याचीच. अख्खं नाट्यगृह त्याला उजेडकाका म्हणायचं.

"दिवा कुणी निवडला?"

"मी."

"तपासून?"

"तपासूनच. तरी चूक माझीच. लिहून घ्या, सही करतो."

बाईंच्या भुवया वर गेल्या. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माणसांना तारांवर, उंदरांवर आणि पावसावर खापर फोडताना पाहिलं होतं. आपणहून डोकं पुढे करणारा हा पहिलाच. असा माणूस एकतर संत असतो, नाहीतर कुणालातरी पाठीशी घालत असतो. आणि नाटकवाल्यांत संत बाईंना अजून भेटला नव्हता.

त्यांनी व्यवस्थापकांना गाठलं.

"आमची ऐपत बेताची," ते म्हणाले. "आम्हाला परवडतील असे सहा कंपन्यांचे दिवे काकांनी नमुन्याला आणले. मागच्या खोलीत फळीवर मांडले आणि तीनशे तास अखंड जाळले. मन कुणाकडे झुकू नये म्हणून कंपनीच्या नावावर काळी चिकटपट्टी लावायची आणि वर आकडा टाकायचा. पट्ट्या मीच लावल्या. शेवटी काका म्हणाले, चार नंबर घ्या. मी चारची पट्टी उचकटली, नाव वाचलं, पट्टी परत दाबली आणि बारा दिवे मागवले."

"किमतीत फरक?"

"एका पैशाचा नाही. दिसायलाही सगळे सारखेच काळे डबे. मला कुठलाही चालला असता."

काकांची वही टेबलावरच होती. अक्षर मोत्यासारखं. बाईंनी दोन नोंदी दोनदा वाचल्या.

'दोन नंबर: चेहरा जिवंत. एकशे नव्वदाव्या तासाला लुकलुकून बंद. गार झाला की पेटतो, पाच मिनिटांत परत जातो. बाद.'

'चार नंबर: तीनशे तास, एकदाही डोळा मिटला नाही. चेहरा राखेसारखा. पण भरवशाचा.'

आणि पानाच्या डोक्यावर: 'चेहरा घरचाच.'

"घरचाच म्हणजे?"

"बाईसाहेबांचा हो. भिंतीवर उजेड पाडून काय कळणार, असं काकांचं म्हणणं. पहिल्या आणि शेवटच्या दिवशी बायकोला पूर्ण रंगभूषा करून खुर्चीत बसवलं होतं."

"तेव्हा इथे आणखी कोण असायचं?"

"कोणी नाही. पंधरा दिवस नाट्यगृह बंद होतं. ते दोघं, आणि किल्ली घेऊन मी."

बाईंनी जिन्यावरचा दिवा लावायला सांगितला. रात्रभर गार झालेला दिवा निमूट पेटला. त्यांनी हात उजेडात धरला. हात छान दिसला, तांबूस, दहा वर्षांनी तरुण. त्या हाताकडे पाहत राहिल्या. पाच मिनिटांनी दिवा लुकलुकला आणि गेला.

मग त्या मागच्या खोलीत गेल्या. फळीवरचा चार नंबरचा नमुना लावला. तोही असाच पेटला आणि असाच गेला. दोन नंबरचा लावला. त्यात त्यांचा हात राखेचा झाला, आणि अर्धा तास झाला तरी तो दिवा हलला नाही.

त्यांनी दोन्ही पट्ट्या सोलल्या. मागच्या गोंदाला चेहऱ्याला लावायचा रंग चिकटला होता.

कधी नव्हे ते बाईंना वाटलं, हे कोडं दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी इस्पितळात नटी उताणी पडली होती. उशाशी स्टुलावर काका होते.

"वहीतला चार नंबर माणसाला राखेचा करतो," बाई म्हणाल्या. "जिन्यावरच्या दिव्यात माझा हात उजळला. म्हणजे विकत आणला गेला तो दोन नंबर, काकांनी बाद केलेला. कोणीतरी पट्ट्यांची अदलाबदल केली होती. किंमत एकच, त्यामुळे व्यवस्थापकांना त्यात काही मिळणार नव्हतं. आणि पट्ट्यांच्या मागे चेहऱ्याचा रंग लागलाय."

"मीच बदलल्या," काका घाईने म्हणाले.

"काका, तुम्ही कधीपासून रंगभूषा करायला लागलात?"

मग पलंगावरून आवाज आला, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"ते खोटं बोलतायत. मी बदलल्या. शेवटच्या दिवशी हे चहा आणायला गेले तेव्हा."

"अगं, गप्प बस ना..."

"नाही बसणार. बाई, साठी उलटली माझी. ही शेवटची मोठी भूमिका. त्या चार नंबरखाली आरशात पाहिलं तर माझंच मढं बसलेलं. आणि दोनमध्ये पहिल्या दिवशी हेच म्हणाले होते, 'अगं, तू तर लग्नातली दिसतेस.' मला वाटलं, एखाद्या वेळी लुकलुकेल, त्यात काय." तिचे डोळे कानांकडे वाहू लागले. हातांना सलाईनच्या नळ्या होत्या, पुसता येईना. "माझं मी भोगीन. पण यांचा काही दोष नाही, तसं लिहा. यांना यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं."

बाईंनी मान खाली घातली. एक प्रश्न उरला होता. चाळीस वर्षं उजेडात काढलेल्या माणसाला पहिल्या तालमीत दिवा ओळखू आला नाही? उत्तर त्यांना कळलं होतं. तो प्रश्न विचारायचा नाही, असं त्या इस्पितळाचा जिना चढतानाच ठरवून आल्या होत्या. त्यांनी लिहायला घेतलं.

"ठाऊक होतं," काका म्हणाले.

नटीने मान त्यांच्याकडे वळवली.

"पहिल्या तालमीला दिवा लावला, तू जिन्यावर आलीस, आणि मी ओळखला. हा दोन नंबर. बंद करायला उठलो होतो. पण तू हसत होतीस गं. किती वर्षांनी तशी हसत होतीस. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे, उद्या सांगू. मग रोजच उद्या म्हणत गेलो."

निरीक्षकबाईंचं पेन थांबलं.

"ओरडायचं ना हो माझ्यावर," नटी म्हणाली. "इतकी वर्षं साध्या साध्या गोष्टींवरून ओरडलात. त्या दिवशीच का नाही ओरडलात?"

काकांनी पांघरुणावरून तिच्या पायांवर डोकं टेकवलं आणि ते मोठ्याने रडू लागले. पायांना त्यातलं काही कळलं नाही.