पाचशेवी नोंद

बसा असे. समोरच्या आरशात पाहा, अक्षरांचा तक्ता तुमच्या मागच्या भिंतीवर आहे. खोली लहान असली की आम्ही चष्मेवाले अशीच युक्ती करतो. आता वाचा बरं... आणि त्याखालची ओळ? शेवटची? वा! तुम्हाला चष्म्याची अजिबात गरज नाही. डोकं दुखतंय ते दुसऱ्या कशाने तरी दुखत असेल.

उठू नका, थांबा जरा. इतकी स्वच्छ नजर माझ्या खुर्चीत रोज येऊन बसत नाही, आणि मला नेमक्या अशाच माणसाची गरज आहे. दहा मिनिटं काढा माझ्यासाठी. खोलीतला दिवा मंद करतो, तक्त्यामागचा तेवढा राहू दे, आणि मी इथे तुमच्या शेजारी बसतो.

भिंतीवरचा तो फोटो पाहिलात? गळ्यात दुर्बिणी अडकवलेले दोघं. डावीकडचा मी. उजवीकडचा, दात काढून हसणारा, तो दातांचाच डॉक्टर. समोरच्या जिन्यावर त्याचा दवाखाना होता. मी त्याला दाढोबा म्हणायचो, तो मला चष्मिस. बावीस वर्षं आम्ही दोघं मिळून पक्षी पाहत हिंडलो. लोक म्हणायचे, काय जिवाभावाचे मित्र आहेत! होतोच. पण खरं सांगू? त्या बावीस वर्षांत एक दिवस असा गेला नाही, की मी त्याच्यावर जळलो नाही.

का जळू नये? माझा धंदा नजरेचा. दुसऱ्यांना दिसावं म्हणून मी आयुष्यभर काचा घासल्या, आणि पक्षी दिसायचे त्याला. मी चार तास डोळ्यांत तेल घालून बसायचो, आणि हा बुटाची नाडी बांधायला वाकला की याच्यापुढे पक्षी येऊन बसायचा. वर पुन्हा मलाच म्हणणार, ‘‘अरे चष्मिस, तिकडे काय बघतोस?’’ मी हसायचो. पोटात मात्र अस्सा जळफळाट व्हायचा!

तरुणपणी आम्ही दोघांनी एक नियम केला होता. यादीत पक्षी लिहायचा तर दुसऱ्यानेही तो पाहिलेला हवा. एकाने विचारायचं, ‘‘पाहिलास ना?’’ दुसऱ्याने ‘‘पाहिला’’ म्हटलं, तरच नोंद पक्की. मग डायरीत नाव, वेळ, अंतर, साक्षीदार. एकमेकांवर विश्वास नव्हता म्हणा, किंवा फार होता म्हणा. हा नियम आम्ही कधी मोडला नाही. मी वाकवला एकदा, तेच सांगतोय.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका दाट जंगलात राहायला गेलो होतो. बारमाही ओलं जंगल, उन्हाचा कवडसा जमिनीला लागत नाही असं. तिथे पक्षी पाहणाऱ्यांसाठी लाकडी खांबांवर उभ्या आठ खोल्या आहेत. पाहुण्यांकडून जे मिळतं त्यावर जंगलाची राखण चालते, तोडलेल्या उतारावर फळझाडं लावली जातात. तिथला वाटाड्या पूर्वी पक्ष्यांना फासे लावायचा. आता त्याच वाटांनी पाहुण्यांना नेतो. निघताना प्रत्येक पाहुण्याने एक रोप लावायचं, शेजारी त्याची पाटी ठोकतात, अशी तिथली रीत.

तिथे एक पक्षी आहे. वाटाडे त्याला गुपचूप म्हणतात, कारण तो ओरडतच नाही. काळाभोर, शेपटी खालून शेंदरी. आवाज नाही म्हणजे माग नाही, त्यामुळे दिसला तर नशीब. त्या वेळी दाढोबाच्या यादीत चारशे नव्याण्णव पक्षी होते आणि माझ्या चारशे शहाण्णव, कारण त्याचे तीन आमच्या नियमाच्या आधीचे होते. गुपचूप दिसला असता तर त्याचे पाचशे झाले असते.

उंच झाडावर तिथे एक मचाण बांधलंय. दोघांपुरतंच, तिसरा चढला तर फळ्या करकरतात. त्या पहाटे दाढोबा आधी चढला. त्याचा गुडघा दुखायचा, म्हणून शिडीच्या बाराव्या पायरीवर तो नेहमी दम घ्यायचा. मी उशिरा उठलो होतो. वर पोचतोय तोच त्याने माझा दंड पकडला. त्याच्या बोटांना कायम लवंगेच्या तेलाचा वास यायचा, दवाखान्यातला.

‘‘ती बघ... वाळकी फांदी... उडतोय! पाहिलास ना?’’

मी पाहिला होता. पाठमोरा, उडताना, पण शेंदरी शेपटी लख्ख दिसली. माझ्याही यादीत तो आला असता. पण तो आधी पाचशेला पोचणार, आणि त्याच्या पाचशेव्याचा साक्षीदार मी! ते माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हणालो, ‘‘मी काही पाहिलं नाही.’’

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला कळलं होतं. इतकी वर्षं तोंडात डोकावून पाहणाऱ्या माणसाला खोटं कळतं. त्याने डायरी काढली, पक्ष्याचं नाव लिहिलं, वेळ सहा दहा, अंतर चाळीस फूट. साक्षीदाराची जागा कोरी ठेवून डायरी मिटली.

पुढच्या दोन वर्षांत मला तीन नवे पक्षी मिळाले. तिन्ही वेळा मी विचारलं, ‘‘पाहिलास ना?’’ आणि तिन्ही वेळा तो म्हणाला, ‘‘पाहिला.’’ अगदी सरळ. त्याच्या त्या चांगुलपणाचाही मला राग आला, काय सांगू तुम्हाला! दोघं चारशे नव्याण्णववर आलो. आणि मग एका दुपारी, पेशंट तोंड उघडून बसलेला असताना, तो आपल्या दवाखान्यातच कोसळला. छातीत कळ. संपलं.

तेराव्या दिवशी वहिनींनी त्याची डायरी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘‘भावजी, हे तुमच्याकडेच असू दे. घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं कळतंय?’’ मी रडलो. खरंच रडलो. आणि घरी येऊन पहिला विचार काय आला असेल? आता पाचशेवा माझाच.

दोन महिन्यांत मी त्या जंगलात हजर झालो.

वाटाड्याने ओळखलं. सामान उचलता उचलता त्याने विचारलं, ‘‘डॉक्टरसाहेब मागून येतायत?’’ मी काय झालं ते सांगितलं. मग तो मला उतारावर घेऊन गेला, आम्ही लावलेली रोपं दाखवायला. दाढोबाचं झाड माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, फळांनी लगडलेलं. माझ्या पाटीशेजारी नुसती काठी उभी होती. ‘‘हरणांनी खाल्लं, साहेब,’’ वाटाड्या ओशाळून म्हणाला. मेला तरी याचं झाड पुढे! मी त्या झाडाकडे पाठ फिरवली.

‘‘याच फळांवर गुपचूप येतो हल्ली,’’ वाटाड्या म्हणाला. ‘‘पहाटे आधी मचाणासमोरच्या वाळक्या फांदीवर बसतो, मग खाली.’’

दुसऱ्या पहाटे मी मचाणावर एकटा होतो. वाटाड्याला म्हटलं, तू माझ्या मागोमाग ये, साक्षीला. धुकं इतकं, की समोरची फांदी मधूनच पुसली जायची. पानांवरून थेंब पडत होते, टप... टप... बाकी जंगल चिडीचूप. एरवी त्या वेळी किती कलकलाट असतो! त्या दिवशी काहीही नाही. ओल्या सालीचा, कुजक्या पानांचा वास. मी दुर्बीण डोळ्यांना लावून बसलो.

शिडी वाजली. आला वाटाड्या, मी मनात म्हटलं. एकेक पायरी करकरत होती. मग करकर मध्येच थांबली. कुणीतरी दम घेत होतं, लांब, घरघरता. मग पुन्हा पायऱ्या वाजू लागल्या.

वाटाड्या तर माकडासारखा चढतो... तो कशाला थांबेल?

आणि नेमका त्याच क्षणी गुपचूप आला. धुक्यातून आला आणि वाळक्या फांदीवर बसला. पूर्ण! समोरून! छाती, डोळा, शेपटीची शेंदरी किनार. आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं ज्या पाचशेव्याची वाट पाहिली तो समोर असताना कोण नजर हलवेल? मी हलवली नाही. शेजारची फळी दबली. माझ्या उजव्या खांद्याला गार लागलं. लवंगेच्या तेलाचा वास आला. तरी मी हललो नाही. भीती वाटत होती, हो. पण त्याहून मोठी भीती ही, की मान वळवली तर पक्षी जाईल.

गुपचूप उडाला. मी दुर्बीण तशीच धरून कुजबुजलो, सवयीने, ‘‘पाहिलास ना?’’

मग अगदी कानाशी, हळूच...

‘‘मी काही पाहिलं नाही.’’

मी वळलो तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. फळीवरचं दव मात्र पुसलेलं होतं, एक माणूस बसेल एवढं. कसा उतरलो मला आठवत नाही. वाटाड्या खाली मुळावर बसून विडी ओढत होता. मी त्याच्यावर खेकसलो, ‘‘वर का नाही आलास?’’

‘‘वर दोघंच बसायचं ना, साहेब?’’ तो म्हणाला. ‘‘तुमचे कुणी सोबती चढले, धुक्यात तोंड नीट दिसलं नाही, म्हणून मी खालीच थांबलो.’’ मग जरा घुटमळला. ‘‘त्यांना पक्ष्यांची आवड नाही का? सगळा वेळ दुर्बीण तुमच्याकडेच लावून बसले होते.’’

खोलीत येऊन मी दाढोबाची डायरी उघडली. गुपचूपची नोंद तशीच होती, कोरी जागा तशीच. पण तिच्याखाली एक नवी ओळ होती. तेच तिरकं, बारीक अक्षर. पाचशे. चष्मिस. वेळ सहा दहा. अंतर दोन फूट. एकटा. साक्षीदार, वाटाड्या.

कळलं का तुम्हाला? पाचशे झाले त्याचे! नियमात, साक्षीदारासकट! आणि माझी यादी चारशे नव्याण्णववरच, कारण माझा गुपचूप कुणीच पाहिला नाही. मी घाबरलो होतो, पण त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं ते भीतीने नव्हे.

त्याच दिवशी सामान बांधून घरी आलो. डायरी माझ्या टेबलाच्या खणात कुलपात आहे. तरी रोज एक ओळ वाढते. पक्षी एकच, मीच. पाचशे एक, पाचशे दोन. वेळ बदलते, अंतर बदलतं. पहिल्या आठवड्यात दीड फूट होतं, गेल्या महिन्यात एक. काल लिहिलं होतं, चार बोटं. आज अंतराची जागा कोरी आहे.

पण आता एक गोष्ट माझ्याही बाजूने आहे. इतक्या जवळ आल्यावर तो मलाही दिसतो. रोज याच वेळी, दिवा मंद केला की, या आरशात, माझ्या पाठीमागे. म्हणजे माझाही पाचशेवा झाला ना? दाढोबाच्या यादीत दाढोबा थोडाच आहे? एवढी एक नोंद त्याला कधीच जमणार नाही. ती फक्त माझी. मला हवा आहे तो साक्षीदार. चांगल्या नजरेचा, ज्याने शेवटची ओळ न अडखळता वाचली असा.

आरशात पाहा. माझ्याकडे नको, आरशात. मला मागून गार लागतंय, म्हणजे वेळ झाली. लवंगेचा वास येतोय तुम्हाला? घाबरू नका, तो तुमच्याकडे बघणार नाही. तो फक्त माझ्याकडे बघतो.

पाहिलात ना?

नाही?

अहो, मी आत्ता आरशात बघतच नाहीये. मी तुमच्या डोळ्यांत बघतोय. माझा धंदाच तो आहे. तुमच्या बाहुल्या आत्ता एवढ्या मोठ्या झाल्या, आणि नजर आरशातल्या माझ्या खांद्यावरून वर सरकली... आणखी वर...

मग नाही का म्हणताय?