गंगी अंड्यांवरून का उठते?

गंगी कोंबडी अंडी उबवायला खुडूक बसली होती, पण हल्ली सारखी अंड्यांवरून उठून पळायची. तुरा रक्त आटल्यासारखा पांढराफटक! केतकीने तिची पिसं उलटीपालटी करून पाहिली, तर एकही किडा सापडेना. मग रक्त जातंय कुठं?

"अंडी गार पडली की पिल्लं गेली. गंगी अशीच झुरत राहिली तर रविवारी तिचा रस्सा," बाबा म्हणाले. केतकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तिने मालूआत्याला बोलावून आणलं. मालूआत्या कीटकशास्त्रज्ञ (किड्यामुंग्यांचा अभ्यास करणारी), आणि जिभेने भलतीच तिखट. "चोर दिवसाउजेडी चोरीच्या घरात बसून राहतो का गं, शहाणे?" म्हणत तिने खुराड्यातली बांबूची दांडी उचलली. रात्री कोंबड्या हिच्यावरच बसत. तिने दांडीच्या चिरेवर भिंग धरलं.

बापरे! चिरेत लाल ठिपके वळवळत होते.

"हे माइट (कोळ्याच्या गोतातले, आठ पायांचे बारीक जीव). दिवसा फटीत दडायचं, अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त प्यायचं. रात्रभर असे चावे सोसून गंगी अंड्यांवर टिकेल कशी?"

"मग शेजारच्या हलीमाचाचींच्या कोंबड्या कशा टुणटुणीत?"

"त्या दिवसभर करतात काय?"

"चुलीच्या राखेत लोळतात. शी! नुसत्या मळतात."

"मळत नाहीत, आंघोळ करतात! माइटच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. तो अंगातलं पाणी धरून ठेवतो. कोरडी राख नि माती तो थर खरवडते, मग माइट वाळून मरतो. आता सांग, तुमच्याकडे सुटी माती कुठंय?"

कुठून असणार! बाबांनी हौसेने आणलेला सारवण्या (अंगण शेणाने सारवणारा यंत्रमानव) कोंबड्यांनी उकरलेला खळगा रोज लिंपून टाकायचा. अंगण कसं लख्ख, आणि कोंबड्या बिचाऱ्या पारोशा!

"खड्डा दिसला, म्हणून बुजवला," सारवण्या म्हणाला.

"तुला सांगणारा मीच ना," बाबा ओशाळले. त्यांनी अंगणाचा एक कोपरा न सारवता सोडायला सांगितलं आणि खुराड्याच्या फटीफटींत उकळतं पाणी ओतलं. दांडी उन्हात तापवली. केतकीने खळग्यात राख नि माती चाळून घातली. गंगीने त्यात अंग झोकून दिलं, मनसोक्त धुरळा उडवला आणि तडक अंड्यांवर जाऊन बसली.

पिल्लं बाहेर आली तेव्हा केतकीचा हर्ष गगनात मावेना. "आत्या, चंद्रावर कोंबड्या नेल्या तर? तिथली माती चालेल त्यांना आंघोळीला?"

मालूआत्या हसून म्हणाली, "मला नाही माहीत. तूच शोधून काढ."