मोरीवर बंद पडणारी मोटार

डॉक्टर राहतची जुनी काळी मोटार दुसरीकडं कुठंही कुरकुरत नसे. औरंगाबादच्या गर्दीतून ती मुकाट चालायची, दौलताबादचा घाट एका दमात चढायची. पण गुरुवारी देवगाव रंगारीच्या दवाखान्याला निघालं, कसाबखेडं मागं पडलं, की कोरड्या नाल्यावरच्या मोरीपाशी इंजिन आचके देऊन बंद पडायचं. दर गुरुवारी नाही. कधी लागोपाठ, तर कधी महिनाभर काहीच नाही. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू.

उन्हानं नळीत पेट्रोलची वाफ अडकत असेल म्हणून राहतनं पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. थंडीतही तेच झालं. टाकीत हवा जात नसेल म्हणून झाकण सैल ठेवलं. गॅरेजवाल्या मुबारकनं कार्बोरेटर उघडून जेट फुंकले, पंपाचा पडदा बदलला, टाकी उतरवून धुतली. शेवटी हात पुसत म्हणाला, "आपा, गाडी में नुक्स नैच है. रास्ता बदल के देखो."

"रास्ता नै बदलती मैं," राहत म्हणाली.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर निम्मी गल्ली हैदराबादेकडं निघून गेली, तेव्हा तिचे अब्बा दारात खुर्ची टाकून बसले होते, हलले नव्हते. ती त्यांचीच लेक.

एके सकाळी एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आला. देवगावची सरूबाई अडली होती, मूल पायाळू होतं. राहतनं सलाइनची काचेची बाटली पेट्रोलनं भरली, तिची रबरी नळी थेट कार्बोरेटरला जोडली आणि बाटली आया दगडाबाईच्या हातात दिली.

"खिडकीतून वर धरायची. टाकी नको न् पंप नको. आता कोण अडवतं बघू."

"आजवर माणसाला लावली ही बाटली," दगडाबाई हसली. "आज मोटारीला."

मोरी आली तशी ती हसायची थांबली. बाटलीत बुडबुडे उठत होते. पेट्रोल भराभर उतरत होतं, मधे थांबत होतं, पुन्हा उतरत होतं.

"बाई, कुणीतरी पितंय वो!"

इंजिन बंद पडलं.

राहतनं बॉनेट उघडलं. कार्बोरेटर कोरडा ठणठणीत. खाली मातीवर एक थेंब नाही, पेट्रोलचा वासही नाही. दुपारचं ऊन रणरणत होतं.

मोरीखालून ढेकर आला. लहानसा.

दगडाबाईनं तिचा दंड धरला. "माघारी फिरू, बाई. लई वंगाळ जागा हाय."

"माघारी फिरले तर सरूबाई मरंल." राहतनं बॅग उचलली आणि मोरीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "प्यायचं तेवढं पी. मी चालत जाईन, पण इथूनच जाईन!"

दोघी चालत गेल्या. मूल पायाकडून आलं, निळं पडलं होतं, पण शेवटी जोरात रडलं. परतताना सरूबाईच्या नवऱ्यानं बैलगाडीतून आणलं आणि मोरीच्या बरंच अलीकडं उतरवून बैल वळवले.

राहतनं रबरी नळी ओढून काढली. टोक ओलं होतं. कोमट. रबरात बारीक दातांच्या खुणा उमटल्या होत्या, वर दोन, खाली दोन. अशी तोंडं ती रोज तपासायची. वर्षाच्या आतबाहेरचं मूल.

तिनं कात्रीनं टोक कापलं आणि मोरीखाली भिरकावलं. मग पंपाची नळी परत बसवली. मोटार पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

पुढच्या गुरुवारी तिनं नवी नळी लावली, बाटली भरली आणि तोच रस्ता धरला. दगडाबाई तोंडात पदर धरून बसली होती, पण बसली होती. मोरी आली. मोटार जराही न अडखळता पार झाली.

"हरलं की वो!" दगडाबाई ओरडली. राहतनं मोठ्यानं हॉर्न वाजवला. दोघी देवगावपर्यंत हसत गेल्या.

दवाखान्यासमोर राहतनं बॉनेट उघडून नळी काढली आणि टोक उजेडात धरलं.

या खेपेला दाढाही उमटल्या होत्या.