घोटीपर्यंतची अ‍ॅनाटॉमी

विल्होळीच्या चढावर एसटीनं गचका दिला, माझ्या मांडीवरची कापडी पिशवी उसवली आणि माणसाचं एक लांबलचक हाड घरंगळत पुढच्या बाकाखाली गेलं. त्याच्यामागं बरगड्या. मग मणके, एकेक करून, टपटप.

इगतपुरीची गाडी, शनिवारची दुपार, पाय ठेवायला जागा नाही. पलीकडच्या बाईनं दोन्ही पाय बाकावर घेतले. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. कंडक्टरनं घंटी ओढली, गाडी थांबली आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय सांगणार होते? 

दाराजवळ पत्र्याच्या ट्रंकेवर एक मुलगा बसला होता. तो उठला, ओणवा झाला आणि बाकांखालून शांतपणे हाडं गोळा करायला लागला, सांडलेले बटाटे उचलावेत तशी. प्रत्येक हाड शर्टाच्या बाहीला पुसायचा आणि मग उचलून घ्यायचा.

"घाबरू नका," तो सगळ्यांना म्हणाला. "या डॉक्टरीण होणार आहेत. अभ्यासाची हाडं आहेत."

डॉक्टरीण. हा शब्द माझ्याबद्दल कुणी चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारला होता. माझे कान तापले.

शहाण्णव सालचा पावसाळा होता तो. माझं गाव घोटीच्या पुढं, वैतरणेच्या अंगाला. भाताची खाचरं आणि धुकं, एवढंच तिथं. आश्रमशाळेत शिकून मी नाशकात मेडिकलला लागले होते, आणि त्या दोन महिन्यांत मला कळलेली गोष्ट एकच होती, की आपल्याला काहीच कळत नाही. सगळं इंग्रजीत. सर बोलायचे, बाकीची मुलं माना डोलवायची, मीही डोलवायची. रात्री वसतिगृहात तेच पान पाच वेळा वाचून रडायची. एका सीनियर मुलीकडून ही हाडं उसनी घेतली होती. म्हटलं, घरी निवांत बघू.

त्यानं ट्रंक उघडली. आत कपडे थोडे होते आणि पुस्तकं जास्त. माझीच पुस्तकं, फक्त जुनी झालेली.

"तुम्हीपण मेडिकलला?" मी विचारलं.

"होतो," तो म्हणाला.

 वाडीवऱ्हेपर्यंत त्यानं आपणहून सगळं सांगितलं. नाव मयूर भडांगे. वडील रेल्वेत, इगतपुरीला. कसाऱ्याच्या घाटात गाड्यांना मागून जोडतात त्या इंजिनावर. तो अ‍ॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेत, नापास झाला होता, एकदा नाही, दोनदा. आता खोली सोडून चालला होता. रेल्वेच्या परीक्षेला बसणार होता. हे सगळं त्यानं असं सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची हकीकत आहे.

 मी ते लांब हाड पुढं केलं आणि विचारलं, "हे डावं की उजवं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग हाडाकडं.

"तुम्हीच सांगा. हा वरचा गोळा कुठं बसत असेल?"

"कंबरेत."

"मग तो आतल्या बाजूला बघणार. आणि ही खरखरीत रेघ आहे ना, ती मागं. आता धरा स्वतःच्या मांडीवर."

मी धरलं. गोळा आत, रेघ मागं. उजव्या पायावर बसेना. डाव्यावर अगदी नीट बसलं.

"डावं," मी म्हणाले. आणि खुळ्यासारखी हसले.

पलीकडची पाय वर घेतलेली बाई वाकून बघत होती. तिनंही आपल्या मांडीवरून हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "खरंच की गं."

घोटी येईपर्यंत त्यानं मला मांडी, नडगी आणि पाठीचे मणके शिकवले. मराठीत. दोन महिन्यांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका गाडीत शिरलं. उतरताना पाऊस झोडपत होता आणि माझी पिशवी तर फाटलेली. त्यानं ट्रंकेतली चादर काढली, हाडं त्यात बांधली आणि गाठोडं खिडकीतून माझ्या हातात दिलं. चादर परत कशी करायची, हे विचारायच्या आत गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन इगतपुरीला गेले. चादर द्यायची होती, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं.

रेल्वेच्या चाळीत त्याच्या आईनं, लताबाईंनी, दार उघडलं. धुक्यानं अंगण दिसत नव्हतं. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि मुलाकडं अशा नजरेनं बघत राहिल्या, की घरात आठवडाभर कुणी नीट जेवलेलं नाही हे मला कळलं. बाबा त्याच्या वडिलांशी पावसापाण्याचं बोलत बसले. मयूर ओट्यावर उभा होता. मी चादर दिली.

"सोमवारी हाताचा धडा सुरू होतोय आम्हाला," मी म्हणाले.

"अवघड असतो."

"मग कुणाला विचारू?"

त्यानं चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"परत या, असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "तो तुमचा प्रश्न आहे. पण मला समजेल असं शिकवणारं मला दुसरं कुणी भेटलेलं नाही. एवढंच सांगायला आले होते."

एवढं बोलायला मी कुठून धजले, कोण जाणे. परतीच्या बसमध्ये बाबा माझ्याकडं बघून फक्त म्हणाले, "चादर द्यायला आलो व्हतो ना आपण?"

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी दुपारी मी डिसेक्शन हॉलमधून बाहेर पडले. मृतदेहांना लावलेल्या फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरत होते आणि त्या वासानं जेवणावरची इच्छा पार उडाली होती. पायऱ्यांवर तो बसला होता. ट्रंक नव्हती, एक पिशवी होती फक्त.

"चमच्यानं जेवत जा," तो म्हणाला. "हाताचा वास जायला सहा महिने लागतात. तोवर उपाशी राहणार का?"

मग रोज संध्याकाळी गंगापूर रोडवरच्या एका चहाच्या टपरीवर आमचा वर्ग भरायला लागला. आधी आम्ही दोघंच होतो. मग माझ्यासारख्याच मान डोलवणाऱ्या आणखी दोघी आल्या, मग चौघं. टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून तो खांद्यातून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं काढायचा. पुसलं जायचं, पुन्हा काढायचा. शिकवताना त्याचा चेहरा बदलायचा. नापास झालेला मुलगा कुठल्या कुठं जायचा. आणि शिकवता शिकवता, पाठ करून दोनदा जे जमलं नव्हतं ते त्याचं त्यालाच समजत चाललं होतं.

एका संध्याकाळी बाकीची कुणी आली नव्हती. पावसानं टपरीचं प्लॅस्टिक फडफडत होतं. मनगटातली आठ हाडं माझ्या काही केल्या लक्षात राहत नव्हती. त्यानं विचारलं, "हात बघू?" मी पुढं केला. त्यानं बोटाच्या टोकानं, अगदी हलकं, अंगठ्याच्या मुळाशी टेकवलं.

"स्कॅफॉइड... ल्युनेट..."

तिसऱ्यापाशी तो थांबला. बोट तिथंच.

"पुढचं?" मी विचारलं.

"विसरलो."

"तुम्ही विसरत नाही."

"आत्ता विसरलो," तो म्हणाला. आणि चहाचा ग्लास उचलून दुसरीकडं बघायला लागला. कानाच्या पाळ्या लाल.

उरलेली हाडं मी वसतिगृहावर जाऊन पुस्तकातून पाठ केली. ती मला आजही त्याच क्रमानं येतात. तिसऱ्यापाशी मात्र जरा थबकायला होतं.

पुढच्या परीक्षेत तो पास झाला. माझी परीक्षा आली तेव्हा मीही. पहिल्या नंबरात वगैरे नाही, पास.

आता बारावीच्या मुली मला भेटायला येतात. विचारतात, मॅडम, जमेल का? मी त्यांना सांगते, पहिल्या दिवशी चक्कर येईल, ती येऊ द्या. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नका, शेजारच्याला विचारा. त्यालाही बहुतेक आलेलं नसतं. नापास झालात तर थोडं रडा आणि मग ज्याला कमी येतं अशा कुणाला तरी शिकवायला बसा. याच्यापुढची एक गोष्ट मात्र मी त्यांना लगेच सांगत नाही. ती अशी.

इंटर्नशिपला मी एका मोठ्या सरकारी दवाखान्यात होते. मयूरची इंटर्नशिप तिथंच संपत आली होती. माझ्या वॉर्डात बयाबाई नावाची म्हातारी होती, आमच्याच डोंगराकडची. हृदय थकलेलं, छातीत पाणी भरायचं, रात्र रात्र बसून काढायची. बाकीचे डॉक्टर काय म्हणतात ते तिला कळायचं नाही, म्हणून मी आले की माझा हात धरायची. मी तिला तपासायच्या आधी तीच मला विचारायची, "बाय, जेवलीस का नाय?"

एका दुपारी, जेवणाची ताटं वाजत असताना, तिचं हृदय थांबलं. मी तिच्या छातीवर दाब देत होते. मोजत होते, दाबत होते. घाम डोळ्यांत उतरत होता. शेवटी सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पुरे. त्यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. त्यांना जावंच लागणार होतं. पुढच्या खाटेवरही माणूस होता.

मी दवाखान्यामागं गेले, जिथं चादरी वाळत घालतात तिथं. अ‍ॅप्रन काढून मांडीवर घेतला आणि ठरवलं, बास. हे आपलं काम नाही.

मयूर मला शोधत आला. जवळ बसला नाही, उभाच राहिला.

"तू जा," मी म्हणाले. तोवर मी त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "मला समजावू नकोस. मी सोडतेय हे सगळं."

"समजावत नाहीये," तो म्हणाला. "तिची लेक आलीय. व्हरांड्यात बसलीय. आई गेली, एवढंच सांगितलंय तिला कुणीतरी. कशी गेली, ते कुणी सांगितलेलं नाही."

"मी काय सांगू तिला?"

"जे झालं ते. तिच्या बोलीत सांगणारं इथं दुसरं कुणी नाही, सरिता. सोडायचं तर उद्या सोड. आज तिला सांग."

चादरींतून वारा वाहत होता. मी मांडीवरचा अ‍ॅप्रन उलगडला. मग अंगात घातला. तो माझ्याबरोबर आला, पण पुढं झाला नाही. दोन पावलं मागंच उभा राहिला.

मी बयाबाईंच्या लेकीजवळ जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. छातीत पाणी कसं भरायचं, आज काय झालं, आम्ही काय केलं, का जमलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. पदरानं तोंड पुसलं.

"येकली व्हती का ती?" तिनं विचारलं.

"नाही. माझा हात होता तिच्या हातात. नंतर छातीवर."

"मंग झालं," ती म्हणाली. "लय भ्यायची ती येकलीला." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून ती रडायला लागली. मग मीही.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले. सोडायचं राहूनच गेलं.

इंटर्नशिप संपल्यावर मी आमच्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मयूर पुढच्या परीक्षेच्या अभ्यासाला लागला. अधूनमधून येऊन जायचा, लग्नाचं कधी काही बोलायचा नाही. मीही विचारायची नाही. बाबा मात्र त्याच्यासाठी नवा तांदूळ बाजूला काढून ठेवायचे.

भातलावणीच्या दिवसांत तो एका रविवारी आला, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला. व्हरांड्यात बसून त्यानं सांगितलं, की त्याला औरंगाबादला एमडीला जागा मिळालीय. कशात, म्हटल्यावर म्हणाला, अ‍ॅनाटॉमीत. मित्र हसत होते, ज्याला काही मिळत नाही तो ते घेतो म्हणून. त्याला मेडिसिनही मिळत होतं. पण त्याला शिकवायचंच होतं. मागच्या बाकावर मान डोलवणारी मुलं त्याला लांबून ओळखू येतात, असं तो म्हणाला.

पाऊस पागोळ्यांतून गळत होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तीन वर्षं लागतील," तो म्हणाला. "आणि तू... तू हे केंद्र सोडून तिकडं येणार नाहीस, हे मला माहीत आहे. यावंस असंही मला वाटत नाही. मग मी काय विचारणार तुला? थांबशील का, असं?"

"थांबायला इथं फुरसत कुठं आहे," मी म्हणाले. "पण रविवारी दुपारी ओपीडी नसते."

"म्हणजे?"

मी उत्तर देणार तोच फाटकापाशी डोली उतरली. खालच्या पाड्यावरची बाळंतीण होती, कळा सुरू झालेल्या. सिस्टरनं आतून हाक मारली. मी उठले, चपला तिथंच सोडल्या आणि आत पळता पळता म्हणाले, "हो."

पावसात त्याला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. आत आल्यावर वळून बघायला वेळ नव्हता. बाळ अडायच्या बेतात होतं, बाई घाबरली होती, तिची सासू तिच्याहून जास्त. मी हातमोजे शोधत होते, तेवढ्यात माझ्या शेजारच्या नळावर कुणीतरी बाह्या सरसावून कोपरापर्यंत हात धुवायला लागलं. मयूर होता तो.

तासाभरात मुलगी झाली. लालबुंद, संतापलेली, खणखणीत रडणारी. सिस्टर तिला पुसत होत्या. बाहेर सासूबाई हसत होत्या की रडत होत्या, कळत नव्हतं. मी घामानं निथळत भिंतीला टेकले. मयूर माझ्या बाजूला येऊन टेकला.

"मघाशी काहीतरी म्हणाले मी," मी म्हणाले. "ऐकू आलं का?"

"आलं," तो म्हणाला. "पण पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हणाले.