जोत्यावरचं विरजण

ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. मथूमावशीने कधी कुणापुढे शपथ घेतली नाही आणि तिच्या गोष्टीलाही शपथेची गरज नाही. घडलं ते घडलं.

गाव डोंबिवली. साल १९५३. सर्वपित्री अमावास्या, दिवेलागणीची वेळ.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं तर आधी घराचं सांगायला हवं.

मथूमावशीची अर्धी हयात गिरगावातल्या एका खोलीत गेली. नळावर भांडण्यात आणि संडासाच्या रांगेत. मग भाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, डोंबिवलीला भातशेतांच्या कडेला प्लॉट घेऊन कौलारू घर बांधलं. समोर गोड्या पाण्याची विहीर. हाकेच्या अंतरावर पिठाची गिरणी. वळणावर शाळा. स्टेशनलाही पायी जाता यायचं. आल्यागेल्याला मावशी हे सगळं असं दाखवायची, जणू गिरणीसुद्धा तिनेच बांधली.

नव्हता तो फक्त शेजार.

बाजूच्या प्लॉटवर नुसतं जोतं होतं. कल्याणच्या परशुराम नावाच्या कारकुनाचं. त्याची बायको शकू दर रविवारी काम बघायला यायची. जोत्यावर, जिथे तिचं स्वयंपाकघर होणार होतं तिथेच, तीन दगड मांडून गवंड्यांना चहा करून द्यायची. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण चूल पेटलेली.

"वहिनी, राहायला आले की पहिलं विरजण तुमच्याकडून हं," ती म्हणायची.

"आधी भिंती उभ्या कर. दही काय उघड्यावर लावणार आहेस?"

"पण द्याल ना?"

"देईन गं बाई. ये तर खरी."

शकू आलीच नाही. आषाढात तापाने गेली. परशुरामने काम थांबवलं. जोत्यावर गवत माजलं.

आणि पितृपक्ष लागला...

पहिल्यांदा ऐकलं ते हेमाने, मावशीच्या सुनेने. तिला सातवा महिना होता, नवरा फिरतीच्या नोकरीवर. माहेरचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण इथेच व्हायचं होतं. कातरवेळी ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

जोत्याकडून आवाज आला...

पोळपाटावर लाटणं फिरत होतं. मधूनच बांगड्या वाजत होत्या.

तिने मान वळवून पाहिलं.

नुसतं गवत.

दुसऱ्या दिवशी फोडणीचा वास आला. खमंग, हिंगाचा.

तिसऱ्या दिवशी आवाजही नाही, वासही नाही. रातकिडेसुद्धा गप्प. आणि मागच्या दाराची कडी वाजली...

"वहिनी... जरा विरजण देता?"

भाऊंनी दार उघडलं. दारात कुणी नव्हतं. कंदील घेऊन ते जोत्यापर्यंत गेले आणि आले तसे पाटावर बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले,

"दगड गरम आहेत."

सकाळी दूध घालायला आलेल्या बायजाने हे ऐकलं आणि माप हातातच धरून उभी राहिली. "त्या जोत्याव जावाचा नाय, काकू. आनि काय मागला तरी देवाचा नाय."

ती कडी मग रोज वाजू लागली. बरोबर दिवे लागले की.

हेमाने अन्न सोडलं. "आई, मी इथे बाळंत होणार नाही," एवढंच म्हणायची. भाऊंनी दलाल गाठला. गिऱ्हाईक मिळालं. नवरात्र बसलं की ते घर बघायला येणार होतं.

"म्हणजे परत त्या खोलीत?" मावशीने विचारलं.

"जीव प्यारा आहे की घर?"

"अहो, जित्या बायकांशी नळावर भांडून मी जन्म काढला. एका मेलेलीला भिऊन माझी चूल उचलू?"

"मग देऊन टाक विरजण. सुटेल."

"दिवे लागल्यावर? घरची लक्ष्मी बाहेर जाते हे काय मी तुम्हाला सांगू?"

इथेच सगळं अडलं होतं. दिवेलागणीची वेळ झाल्याशिवाय ती यायची नाही, आणि दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही. मावशी दिवसभर धुसफुसत होती.

सर्वपित्रीची पानं वाढून झाली. कावळ्याला घास गेला. ऊन उतरलं.

आणि मावशीने देवापुढची समई उचलून फडताळात ठेवली. कंदील विझवला. चुलीवर पाणी मारलं.

"आज माझ्या घरात दिवा लागणार नाही," ती म्हणाली. "बघू कशी लक्ष्मी जाते ते."

अंधार पडला. अमावास्येचा. भाऊ हेमाला घेऊन पुढच्या खोलीत बसले. मावशी मागच्या दाराशी, मांडीवर विरजणाची वाटी.

बराच वेळ काहीच नाही...

मग कडी वाजली. हळूच. दिवा दिसत नाही म्हणून चाचपून वाजवावी तशी.

"वहिनी..."

मावशीने दार उघडलं. समोर थंडगार काळोख. ती त्यात चालत गेली, जोत्यावर चढली, दगडांपाशी वाटी ठेवली.

"घे. बोलले होते, दिलं. आता ऐक. शेजारीण म्हणून राहायचं तर खुशाल राहा. माझा उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या सुनेच्या वाटेला जायचं नाही. घर माझं आहे, मी कुठेही जाणार नाही."



तिच्या निऱ्यांना कुणीतरी हात लावला... पाया पडताना लागतो तसा.

सकाळी वाटी पायरीवर होती. घासलेली, लख्ख. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून आत चिमूटभर साखर.

मावशीने ती खिडकीत ठेवली. चार दिवस गेले. मुंगी लागली नाही.

गिऱ्हाईक आलं तेव्हा ती अंगणातच उभी होती. "घर विकायचं नाही. इथे शेजार चांगला आहे."

हेमा त्याच घरात बाळंत झाली. मुलगी झाली, सुखरूप. कडी पुन्हा कधी वाजली नाही.

पण संध्याकाळी मावशी पोळ्या करायला बसली की जोत्यावरही लाटणं फिरायचं. एकदा तिने मुद्दाम हात थांबवला...

पलीकडचं थांबलं नाही. कितीतरी वेळ चालू होतं. मोठ्या घराच्या पोळ्या असाव्यात तसं.

मथूमावशीने जन्मात कुणाला काही विचारायचं सोडलं नाही. एवढं एकच तिने कधी विचारलं नाही.

शकू एवढ्या पोळ्या कुणासाठी करते?