तिसरं बोलावणं

शमिका आली त्या दुपारी मी घरापुढच्या खळ्यात आमसुलं वाळत घातली होती. हातखंब्यापासून मिळेल त्या गाडीने भाट्याच्या पुलापर्यंत, आणि पुढे खाडीच्या कडेने पाठीवर बॅग घेऊन पायी, अशी ती आली. माझ्या धाकट्या भावाची ही नात. पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करते. महिनाभर माझ्याकडे राहून खाडीकाठच्या बायकांशी बोलणार होती. मला बरं वाटलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून या घरात आवाज असतो तो माझाच, नाहीतर रेडिओचा.

"आत्याआजी, तुझं वायफाय कसं आहे?" तिने चपला काढायच्या आधीच विचारलं.

"आधी माझे गुडघे कसे आहेत ते विचार."

"गुडघ्यांना पासवर्ड नसतो ना गं!"

सकाळी ती मोहल्ल्यात जायची, कोळ्यांच्या घरी जायची, वर कुणबीवाडीत आणि बौद्धवाडीत जायची. मजुरी किती, पाणी कुठून, कुणाच्या दारात कुठपर्यंत जाता येतं, असं सगळं विचारून बायकांचं बोलणं टॅबवर घ्यायची. दुपारी जेवून ओटीवर बसली की ते सगळं एआयला द्यायची.

"जात वेगळी मोजतात, धर्म वेगळा, बाईपण वेगळं," तिने मला समजावलं. "पण एकाच बाईवर हे सगळं एकदम येतं ना? इतक्या जणींचं बोलणं माणसाला एकत्र धरता येत नाही. एआय धरतो. हे बघ."

पडद्यावर रंगीत वर्तुळं होती, एकमेकांवर चढलेली. मी जन्मभर गणित शिकवलं. "छेदसंच," मी म्हटलं.

"माझ्या गाइडला हे पटवायला मला किती दिवस लागले माहितीये?" ती खळखळून हसली.

वर्तुळं जिथे एकमेकांवर येत तिथे बोट ठेवलं की एक बाई बोलायची. तिथल्या सगळ्या बायकांच्या बोलण्यातून यंत्राने एक बाई तयार केलेली असे. तिला प्रश्न विचारले तर ती उत्तरंही द्यायची. शमिकाने मला मोहल्ल्यातली एक विधवा ऐकवली. मुलगा कुवेतला, सून घरात, सकाळपासून कोळंबी सोलून बोटं बधिर. शेजारच्या पडवीत बसून बोलावं इतकी ती खरी वाटत होती.

"खरी नाही हं ती," शमिका म्हणाली.

सगळी वर्तुळं जिथे एकत्र येत होती तो मधला तुकडा जवळजवळ काळा दिसत होता. तिने त्यावर बोट ठेवलं. अक्षरं आली: पुरेशी माहिती नाही.

"इथली कोणी भेटलीच नाही अजून."

"रिक्त संच," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. ओहोटी होती. खाडी आटली की घरभर चिखलाचा वास येतो, तसा येत होता. मी सुपातली आमसुलं निवडत होते. शमिकाने सहज त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

अक्षरं आली नाहीत. आधी नुसता श्वास ऐकू आला. डोक्यावरची पाटी उतरवताना दातांच्या फटीतून आत ओढतात तसा. तो श्वास मी लहानपणी रोज ऐकला होता.

"बाय," आवाज आला. "मी भायेरच हाय."

शमिका ताठ बसली. "तुम्ही कुठे राहता?"

"भायेर."

"काम काय करता?"

"कालवां काढतंय." मग जरा थांबून, "माजा कप हाय काय गडग्यात?"

माझ्या हातातलं सूप कलंडलं. मी उठून खाडीकडची खिडकी लावून घेतली. इतका उकाडा होता तरी.

संध्याकाळी मी तिला चिमाची गोष्ट सांगितली.

मी परकर नेसत होते तेव्हा चिमा आमच्याकडे कालवं घेऊन यायची. शिंपल्यांनी तिच्या बोटांना कायम चिरा पडलेल्या असत. तिचा कप वेगळा होता, कान तुटलेला, खळ्याभोवतीच्या गडग्यातल्या चिऱ्यांच्या फटीत ठेवलेला. वरून ओतलेला चहा प्यायची, कप धुवायची, पालथा घालून फटीत परत ठेवायची. नवरा मुंबईला गेला तो आलाच नाही. मग ती यासीन तांडेलाच्या खोपटात राहायला लागली. त्याची होडीही एका आवटात, ऐन वादळात, त्याच्यासकट गेली. पुढे एकदा कालवं काढताना चिमा भरतीत सापडली. ओहोटीला ती चिखलात मेलेली दिसली. तिच्या वाडीतले म्हणाले, ती मोहल्ल्यात गेली होती, ते बघतील. मोहल्ल्यातले म्हणाले, निकाह कुठे झाला होता, आम्ही कसं हात लावणार. दोन्ही काठांवर माणसं उभी राहून बोलत होती. बोलता बोलता पाणी चढलं आणि तिला परत घेऊन गेलं. नंतर ती कुणाला दिसली नाही.

"एकदा भर उन्हात उभी होती म्हणून मी तिला आत बोलावलं होतं," मी शमिकाला म्हटलं. "ती हलली नाही. तीनदा बोलावल्याशिवाय ती कुणाची पायरी चढायची नाही. पहिलं बोलावणं तोंडदेखलं असतं हे तिला ठाऊक होतं. मी 'ये' म्हटलं. परत 'ये' म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणणार तेवढ्यात थोरल्या काकीने मागून येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला कांद्याचा वास होता. म्हणाली, 'ती आत आली तर भायेर कोन ऱ्हायल?'"

शमिकाने टॅब पालथा घातला. मग म्हणाली, "असे कप घरोघरी होते, आत्याआजी. कुणीतरी बोलण्यात सांगितलं असेल. यंत्राने जोडलं."

मलाही तेच पटत होतं. नाहीतरी आमचा गडगा कधीच गेला. तिथे आता सिमेंटची सपाट भिंत आहे.

"तरी तिला आत बोलावू नकोस," मी म्हटलं.

"तूसुद्धा?"

तिने तो शब्द हळूच उच्चारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत कांदा चिरत होते. ओटीवरून तो श्वास ऐकू आला.

"बाय, ऊन लागतां. येऊ काय आत?"

"ये ना," शमिका म्हणाली. चेष्टेने नव्हे, अगदी मायेने.

मी विळी तशीच टाकली. गुडघ्यांना घाई जमत नाही. भिंतीला धरत मी ओटीच्या दारात आले.

"ये गं," शमिका म्हणाली.

मी तिच्या मागे उभी होते. माझा हात आपोआप उचलला गेला होता, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. कांद्याचा वास माझ्याच नाकात शिरला.

मी हात खाली घेतला.

"ये," शमिका तिसऱ्यांदा म्हणाली.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. पडद्यावर अक्षरं आली: पुरेशी माहिती नाही. बाहेर पाणी भरतीला लागलं होतं.

मग शमिका उठली. माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरली आणि खळ्याच्या कडेला, भिंतीपाशी उन्हात उकिडवी बसली.

"शमिका, ऊन आहे."

"हितंच बरा हाय."

पुण्यात वाढलेली मुलगी. हे बोलणं तिचं नव्हतं.

मला काय करावं ते सुचेना. मी चहा केला, नेऊन दिला. कप खाली ठेवेपर्यंत तिने हात पुढे केला नाही. मी वरच्या पायरीवर येऊन उभी राहिले. चहा प्यायली, नळावर कप धुतला. मग ती भिंतीवरून हात फिरवायला लागली, एकाच जागी, फणसाच्या बाजूला. गडग्यातली फट तिथेच होती. मी तिला जागा सांगितली नव्हती. सिमेंट चाचपून चाचपून झालं तेव्हा तिने कप भिंतीच्या बुडाशी पालथा घातला.

माझ्या पाठीमागे, ओटीवर, लाकडी खुर्ची करकरली. फार दिवसांनी कुणी टेकावं तशी.

मी वळून पाहिलं नाही.

"शमिका, आत ये," मी म्हटलं.

तिने मान वर केली. बसूनच राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तीनदा बोलवावं लागणार.

"ये गो," मी दुसऱ्यांदा म्हटलं.

ती उठली. खालच्या पायरीशी येऊन उभी राहिली. दातांच्या फटीतून श्वास आत ओढला आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. एवढाच शब्द राहिला होता.

मी तोंड उघडलं.

मागून माझ्या तोंडावर हात आला. त्याला कांद्याचा वास नव्हता. तो ओला होता, आणि बोटांवरच्या बारीक चिरा माझ्या ओठांना लागत होत्या.