टेकडीवरच्या चर्चची वाईन

टेकडीवरचं जुनं चर्च दिसताच बोंदोने छातीवर तीनदा क्रूस काढला आणि मगच ब्रेक दाबला. हँडब्रेक महिनाभर रुसलेला. कालच्याच उतारावर गाडी लावून त्याने अंगणातून कालचाच चपटा दगड उचलला आणि चाकामागे सरकवला.

सोबत त्याची मेहुणी लामारा, राजधानी तिबिलिसीतली खासगी गुप्तहेर. काल जाताना दोघं इथे पाया पडून गेली, तेव्हा चिटपाखरू नव्हतं. आज अंगणात भांडण पेटलं होतं.

तीस वर्षं चर्च सांभाळणारी पेलोमावशी पायरीवर बसून डोळे पुसत होती. गावचा द्राक्षबागायतदार गेरोंती चर्चची किल्ली हातात नाचवत गरजत होता.

"उद्या सण, आणि देवाची वाईन हिने रिचवली! आजपासून किल्ली बंद!"

"घोटभरही घेतली नाही रे, मेल्या! किल्ली गेली तर मी दिवसभर करू काय?"

"लामारा, चल," बोंदो कुजबुजला. "तुझी बहीण जेवायची थांबलीये."

"भाऊजी, जरा गप्प बसा." ती गेरोंतीकडे वळली. "वाईन भरली कोणी?"

"मीच, शरदात. अंगणात चार रांजण गळ्यापर्यंत पुरलेत. एक भरला, तीन धुऊन झाकले. सगळ्यांवर माती. दरवर्षी भरायचा रांजण वेगळा, म्हणून खूण ठेवतो. हिने सकाळी खुणेखालची माती उकरली, तर आत ठणठणाट!"

"तुम्ही आत डोकावलात?"

"डोकावायचंय काय? रिकामा दिसतोय की!"

"काल इथे कोण होतं?"

"कोणी नाही," मावशी म्हणाली. "मी लेकीकडे गेले होते."

धर्मगुरू शिओबाबांनी घाईने हात वर केले. "माझ्याकडे बघू नकोस, पोरी. डॉक्टरांनी वाईन सोडायला लावलीय. रोज रडतो."

लामारा सरळ जमिनीवर पालथी पडली. रांजणात डोकं घालून पांढऱ्या रुमालाने आतली भिंत पुसली आणि शिंकत वर आली.

"सालींसकट मुरलेली वाईन उपसली, तर मागे काय उरतं?"

"चोथा," गेरोंती म्हणाला. "आणि भिंतीला डाग."

"रुमाल बघा, कोरा! आत वास येतोय गंधकाचा. गंधकाची धुरी कधी देता?"

गेरोंतीचा आवाज खाली आला. "धुतल्यावर... रिकाम्या रांजणाला."

"म्हणजे यात यंदा वाईन भरलीच नव्हती. वाईन हलली नाही, खूण हलली. काय होती ती?"

"चपटा दगड."

लामाराने गाडीच्या चाकाकडे बोट केलं.

"भाऊजी, काल तो कुठून उचललात?"

"डाळिंबाच्या झाडाजवळून. पण निघताना परत ठेवला की! चर्चचा दगड, उगाच पाप नको. जागा मात्र... अंदाजाने."

डाळिंबाजवळची माती उकरली. झाकण निघालं आणि मधाच्या रंगाची वाईन काठोकाठ चमकली. शिओबाबांनी नुसता वास घेतला आणि डोळे पुसले.

गेरोंतीने मान खाली घालून किल्ली पुढे केली. मावशीने हात मागे घेतला.

"अशी नाही. पेला भर. माझ्या नावाने उचल आणि चार शब्द बोल, सगळ्यांसमोर."

गेरोंती म्हणजे मेजवानीत पेला उचलला की तासभर बोलणारा माणूस. आज त्याने पेला उचलला, घसा खाकरला.

"पेलो... चुकलो मी."

"बास? तुझ्या तोंडून इतकं थोडं पहिल्यांदाच ऐकतेय," म्हणत मावशीने किल्ली ओढून घेतली, कमरेला खोचली आणि उद्याच्या सणासाठी अंगण झाडायला झाडू उचलला.